ठरावामागे लागणारा आमदार : रावबहादूर बोले

शेलूबाजारसारख्या गावात आमदाराचे काम मोजले जाते ते रस्ता, सभामंडप आणि निधीच्या फलकावर. पण सरकारी पैशातून जे उभे राहिले ते गावातल्या प्रत्येकाला खुले आहे काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या कायदे कौन्सिलात हा प्रश्न विचारणारा आमदार होता. रावबहादूर सीताराम केशव बोले हे त्यांचे नाव.

१८६८ साली भंडारी समाजात जन्मलेले बोले ब्राह्मणेतर चळवळीतले होते. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी ते कामगार हितवर्धक सभेतून झटले. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, त्या सत्कार सभेचे अध्यक्ष बोलेच होते. याच सभेत केळुसकर गुरुजींनी भीमरावांच्या हाती बुद्धचरित्र दिले.

४ ऑगस्ट १९२३ रोजी बोले यांचा ठराव कौन्सिलात मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, न्यायालये व दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. सरकारने सप्टेंबरात खात्यांना आदेश दिले. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. परंतु पाणी मिळाले नाही. खुले झाले ते कागदावर!

बोले गप्प बसले नाहीत. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी दुसरा ठराव मंजूर करून घेतला. जी नगरपालिका व लोकल बोर्डे पहिला ठराव पाळणार नाहीत, त्यांचे सरकारी अनुदान थांबवा! तरीही स्पृश्यांचे मन वळले नाही. शेवटी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो बांधवांसह तळ्यावर जावे लागले. ठरावाने हक्क दिला, तो बजावला मात्र चळवळीने.

आपला वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होता. बोले यांचा ठराव शेलूबाजारला लागू नव्हता. १९५० साली संविधान आले आणि सरकारी पैशाच्या विहिरी, तळी, रस्ते सर्वांना खुले करणारे १५ वे कलम देशभर लागू झाले. १९६१ साली बोले गेले, तेव्हा त्यांच्या ठरावातला हक्क मूलभूत हक्क झालेला होता.

म्हणून मते मागायला येणाऱ्यास निधी किती आणला, एवढेच विचारून थांबू नका. गावाची नळयोजना आपल्या वस्तीत पोहोचली काय, दलित वस्तीचा पैसा वस्तीतच लागला काय, आणि नसेल तर आपण कोणाचे अनुदान रोखलेत, हेही विचारा. बोले यांचे खरे स्मरण तेच होय.