परिचर्येला प्रतिष्ठा देणाऱ्या रमाबाई रानडे

आजारी तान्हे मूल आपली व्यथा बोलून दाखवीत नाही. ते किरकिरते, दूध सोडते किंवा निपचित पडून राहते. त्याचा श्वास मोजावा, टाळू खोल गेली आहे काय ते पाहावे, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच पूर्ववत होते की सावकाश, हे न्याहाळावे, लघवी केव्हा झाली ते आईला विचारावे. ज्वर, हगवण, गोवर, खोकला या नित्याच्या दुखण्यांत बालकाचा जीव पुष्कळदा अशा जागरूक नजरेमुळे वाचतो. ही नजर शिकावी लागते. ती आपल्या समाजातील स्त्रियांनी शिकावी म्हणून ज्यांनी लोकापवाद सोसला, त्यांत रमाबाई रानडे अग्रणी होत.

त्यांचा जन्म 1862 साली देवराष्ट्रे येथे कुर्लेकरांच्या घराण्यात झाला. 1873 मध्ये त्यांचा विवाह न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. पतीने त्यांना घरीच मराठी व पुढे इंग्रजी शिकविले. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे रुचत नसे. टोमणे, अबोला हे सारे रमाबाईंनी उलट उत्तर न देता सोसले, पण अभ्यास सोडला नाही. आम्हांस वाटते, पुढील कार्याला लागणारी चिकाटी त्यांना येथेच लाभली.

1901 साली न्यायमूर्ती निवर्तले. त्यानंतर सुमारे वर्षभर रमाबाई घराबाहेर पडल्या नाहीत. मग मात्र येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांना भेटणे, ससून रुग्णालयातील रोग्यांना फळे नेऊन देणे, असा त्यांचा क्रम सुरू झाला. रुग्णांच्या खाटांजवळ उभे राहिल्यावर परिचारिकांची उणीव त्यांच्या ध्यानी आल्यावाचून कशी राहील?

1909 मध्ये गोपाळ कृष्ण देवधर यांच्या सहकार्याने पुण्यास सेवासदन उभे राहिले. शिवण, अध्यापन यांचे वर्ग लोकांनी चालवून घेतले. परंतु परिचर्येच्या शिक्षणाचे नाव निघताच विरोध झाला. आज आपल्या कोळारच्या परिसरात बाळाला लस टोचणाऱ्या परिचारिकेला आपण सहज सिस्टर म्हणून हाक मारतो. त्या काळी परक्या जातीच्या रोग्याला शिवणे, मलमूत्र काढणे, रात्रपाळीस घराबाहेर राहणे, हे कुलीन स्त्रीला लांच्छनास्पद मानीत. रमाबाई मुलींच्या आईबापांची समजूत घालीत. ज्या विधवांना घरात केवळ स्वयंपाकाचे काम व बोलणी होती, त्यांना या विद्येने स्वतःची मिळकत दिली.

एका स्नेहसंमेलनात केशवपन झालेली, लाल वस्त्र नेसलेली एक विद्यार्थिनी रंगमंचावर आली, तेव्हा प्रेक्षकांतील काही सुशिक्षित तरुण हसले. नेहमी सौम्य असणाऱ्या रमाबाई त्या दिवशी कडाडल्या. अशीच एखादी बहीण वा आत्या तुमच्याही घरी असेल, तिला हसण्यासारखे काय आहे, असे त्यांनी त्या तरुणांना विचारले. सभेत एकदम शांतता पसरली. विधवांना हसणे सोपे आणि त्यांच्या हाती आपले तापलेले मूल सोपविणे अवघड, अशा त्या समाजात हे बोलणे सोपे नव्हते.

ससूनमध्ये सेवासदनच्या विद्यार्थिनी शिकू लागल्या. 1924 मध्ये रमाबाईंचे देहावसान झाले. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त 1962 मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.