हर्बर्ट चॅपमन

हर्बर्ट चॅपमन (जन्म: १९ जानेवारी, १८७८, किव्हटन पार्क, यॉर्कशायर, मृत्यू: ६ जानेवारी, १९३४, लंडन) हे इंग्लिश फुटबॉल खेळाडू आणि व्यवस्थापक होते. नॉर्दॅम्प्टन टाउन, लीड्स सिटी, हडर्सफील्ड टाउन आणि आर्सेनल या चार क्लबांचे व्यवस्थापन त्यांनी केले. हडर्सफील्ड आणि आर्सेनल या दोन्ही क्लबांना त्यांनी प्रत्येकी दोनदा लीगचे विजेतेपद आणि एकदा एफ.ए. चषक मिळवून दिला. संघाची निवड, डावपेच आणि खेळाडूंची खरेदी एकाच व्यक्तीच्या हाती असावी, हा आज गृहीत धरला जाणारा संकेत इंग्लंडमध्ये रूढ होण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. त्यापूर्वी बहुतेक क्लबांत संघ संचालक मंडळ निवडत असे आणि व्यवस्थापक हा मुख्यतः कारभार पाहणारा चिटणीस असे. साहजिकच संघ हरला तर जाब कोणाला विचारायचा, हे प्रेक्षकांना नीटसे ठाऊक नसे. चॅपमन यांच्यानंतर त्या प्रश्नाचे उत्तर निश्चित झाले.

सुरुवातीचे जीवन

चॅपमन यांचा जन्म शेफील्डजवळील किव्हटन पार्क या कोळसाखाणीच्या गावी झाला. त्यांचे वडील खाणकामगार होते व त्यांना लिहितावाचता येत नव्हते. हर्बर्ट यांनी मात्र शेफील्डच्या तंत्रविद्यालयात खाण अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द सामान्य होती. ग्रिम्सबी टाउन, स्विंडन टाउन, शेफील्ड युनायटेड, नॉट्स काउंटी, टॉटेनहॅम हॉटस्पर अशा अनेक क्लबांकडून ते खेळले, पण कोठेही फार काळ टिकले नाहीत. मैदानात सहज ओळखू यावे म्हणून ते फिकट पिवळ्या चामड्याचे बूट घालत. त्यांच्या खेळापेक्षा हे बूटच लोकांच्या अधिक लक्षात राहिले. त्यांचे बंधू हॅरी हे अधिक यशस्वी खेळाडू होते. शेफील्डच्या 'द वेन्सडे' संघाकडून त्यांनी लीगची दोन विजेतेपदे मिळवली.

नॉर्दॅम्प्टन आणि लीड्स

१९०७ मध्ये चॅपमन नॉर्दॅम्प्टन टाउनचे खेळाडू-व्यवस्थापक झाले. तेव्हा हा संघ सदर्न लीगच्या तळाशी होता. दोनच वर्षांत, १९०८-०९ च्या हंगामात, तो त्या लीगचा विजेता ठरला. सतत चढाई करत राहिल्यास प्रतिस्पर्ध्याचा बचाव अधिकच दाट होतो, त्यापेक्षा त्याला पुढे येऊ द्यावे आणि मागे पडलेल्या मोकळ्या जागेत वेगाने घुसावे, हा विचार त्यांनी येथेच प्रथम राबवला. पुढची पंचवीस वर्षे त्यांच्या संघांच्या खेळाचे मूळ हेच राहिले.

१९१२ मध्ये ते सेकंड डिव्हिजनमधील लीड्स सिटीकडे गेले. त्या वर्षी हा क्लब एकोणिसाव्या स्थानी राहिला होता व लीगमध्ये राहण्यासाठी त्याला इतर क्लबांच्या मतांची गरज पडली. चॅपमन यांनी संघ पहिल्या वर्षी सहाव्या आणि दुसऱ्या वर्षी चौथ्या स्थानी आणला. पहिल्या महायुद्धामुळे ही वाटचाल थांबली. युद्धकाळात ते लीड्सजवळील बार्नबो येथील दारूगोळा कारखान्यात व्यवस्थापक म्हणून काम करत होते. याच काळात क्लबने खेळाडूंना नियमबाह्य पैसे दिल्याचा आरोप झाला. क्लबने हिशेबाच्या वह्या चौकशीसाठी देण्यास नकार दिला आणि ऑक्टोबर १९१९ मध्ये त्याला लीगमधून काढून टाकण्यात आले. खेळाडूंचा लीड्समधील एका हॉटेलात लिलाव झाला. चॅपमन यांच्यावरही बंदी आली. पैसे दिले गेले तेव्हा आपण कारखान्यात होतो, हा त्यांचा युक्तिवाद पुढे मान्य झाला व बंदी उठली.

हडर्सफील्ड टाउन

१९२१ च्या प्रारंभी चॅपमन हडर्सफील्ड टाउनमध्ये साहाय्यक म्हणून रुजू झाले आणि लवकरच व्यवस्थापक बनले. हडर्सफील्ड हे लोकरीच्या गिरण्यांचे शहर होते आणि तेथे फुटबॉलपेक्षा रग्बीचे प्रस्थ अधिक होते. १९१९ मध्ये तर हा क्लब बंद करून लीड्सला हलवण्याचा प्रस्ताव आला होता. स्थानिक चाहत्यांच्या विरोधामुळे तो बारगळला. चॅपमन यांनी ॲस्टन व्हिलाकडून क्लेम स्टीव्हन्सन या अनुभवी खेळाडूला आणले आणि त्यांच्याभोवती तरुण संघ उभारला. १९२२ मध्ये अंतिम सामन्यात प्रेस्टन नॉर्थ एंडला १-० असे हरवून संघाने एफ.ए. चषक जिंकला.

१९२३-२४ चे लीग विजेतेपद फार थोडक्यात मिळाले. हडर्सफील्ड आणि कार्डिफ सिटी या दोघांचे ५७ गुण झाले. तेव्हाच्या नियमानुसार केलेल्या गोलांना स्वीकारलेल्या गोलांनी भागून सरासरी काढली जाई. तीत हडर्सफील्ड ०.०२४ ने सरस ठरले. आजच्या नियमाने मोजले असते, तर गोलांचा फरक समान आणि कार्डिफचे गोल अधिक, म्हणजे विजेतेपद कार्डिफकडे गेले असते. पुढील हंगामात असा संशय उरला नाही. त्या वर्षी हडर्सफील्डने एकाही लीग सामन्यात दोनपेक्षा अधिक गोल स्वीकारले नाहीत. १९२५-२६ मध्ये संघाने सलग तिसरे विजेतेपद मिळवले, परंतु तोपर्यंत चॅपमन लंडनला गेले होते.

आर्सेनल: पाच वर्षांची मुदत

मे १९२५ मध्ये आर्सेनलचे अध्यक्ष हेन्री नॉरिस यांनी व्यवस्थापकासाठी वृत्तपत्रात जाहिरात दिली. मोठ्या रकमा मोजून खेळाडू विकत घेण्यावर भिस्त असणाऱ्यांनी अर्ज करू नये, अशी तीत अट होती. नेमणूक झाली ती चॅपमन यांची, वार्षिक २,००० पौंड वेतनावर; त्या काळी ही रक्कम असाधारण होती. आर्सेनल नुकताच विसाव्या स्थानी राहिला होता आणि त्याच्या खाली फक्त सेकंड डिव्हिजनमध्ये घसरणारे दोन संघ होते. क्लबने तोवर एकही मोठी स्पर्धा जिंकलेली नव्हती. संघ उभा राहून काही जिंकण्यास पाच वर्षे लागतील, असे चॅपमन यांनी आरंभीच सांगून ठेवले. जाहिरातीतली अट मात्र पहिल्याच उन्हाळ्यात गळून पडली. चार्ली बुकन यांना संडरलँडकडून २,००० पौंड आणि पहिल्या हंगामातील प्रत्येक गोलामागे १०० पौंड या बोलीवर घेण्यात आले. बुकन यांनी २१ गोल केले.

त्याच वर्षी ऑफसाइडचा नियम बदलला. आघाडीच्या खेळाडूपुढे प्रतिस्पर्ध्याचे तीन खेळाडू असण्याऐवजी आता दोन पुरेसे झाले. परिणामी फर्स्ट डिव्हिजनमधील गोलांची संख्या एका वर्षात १,१९२ वरून १,७०३ वर गेली. ३ ऑक्टोबर, १९२५ रोजी न्यूकॅसल युनायटेडने आर्सेनलचा ७-० असा धुव्वा उडवला. या पराभवानंतर सेंटर हाफला मागे घेऊन दोन बचावपटूंच्या मधोमध उभे करण्याचे ठरले. ही कल्पना बुकन यांनी आग्रहाने मांडली होती. तिला पूर्ण व्यवस्थेचे रूप चॅपमन यांनी दिले. मागे गेलेल्या सेंटर हाफची उणीव भरून काढण्यासाठी इनसाइड फॉरवर्ड खाली आला आणि पुढे 'डब्ल्यू-एम' नावाने ओळखली गेलेली रचना आकारास आली. शोधाचे श्रेय एकट्या चॅपमन यांना देण्याची प्रथा आहे. ती फारशी न्याय्य नाही.

पहिल्या हंगामात आर्सेनल दुसऱ्या स्थानी आला. चाहत्यांच्या अपेक्षा वाढल्या, आणि नेमकी तेथूनच घसरण सुरू झाली. पुढील चार हंगामांत संघ अनुक्रमे अकराव्या, दहाव्या, नवव्या आणि चौदाव्या स्थानी राहिला. १९२७ मध्ये एफ.ए. चषकाचा अंतिम सामना गाठला, पण गोलरक्षक डॅन लुईस यांच्या हातून चेंडू निसटून गोलात गेला आणि कार्डिफ १-० ने जिंकले. त्याच वर्षी क्लबच्या पैशांच्या गैरवापरावरून फुटबॉल असोसिएशनने नॉरिस यांना खेळातून दूर केले. सॅम्युअल हिल-वूड अध्यक्ष झाले आणि त्यांनी चॅपमन यांच्या कामात ढवळाढवळ केली नाही.

केवळ गुणतालिका पाहणाऱ्याला ही चार वर्षे वाया गेल्यासारखी दिसतात, आणि स्टँडमध्ये उभ्या असणाऱ्या प्रेक्षकाजवळ मोजमापाचे दुसरे साधन नव्हते. संघाची जुळवाजुळव मात्र याच काळात झाली. हर्बी रॉबर्ट्स ऑस्वेस्ट्रीहून, एडी हॅपगुड केटरिंगहून, तर सतरा वर्षांचे क्लिफ बॅस्टिन एक्सेटरहून आले. हे तिघेही फारसे कोणाला ठाऊक नव्हते. १९२८ मध्ये बोल्टनच्या डेव्हिड जॅक यांच्यासाठी १०,८९० पौंड मोजले गेले. एका खेळाडूसाठी १०,००० पौंडांहून अधिक रक्कम देण्याची ही पहिलीच वेळ होती. वाटाघाटींच्या वेळी चॅपमन यांनी वेटरला पाहुण्यांच्या पेल्यात दुप्पट मद्य आणि आपल्या पेल्यात मुळीच नको, असे बजावल्याची गोष्ट त्यांचे साहाय्यक बॉब वॉल सांगत. एवढा खर्च करूनही चषक नाही, याचे टीकाकारांना नवल वाटे, आणि इतर शहरांतील प्रेक्षक आर्सेनलला 'बँक ऑफ इंग्लंड' म्हणून हिणवत.

१९२९-३० हा हंगाम सर्वांत कठीण गेला. प्रेस्टनहून ८,७५० पौंडांना आणलेले ॲलेक्स जेम्स यांना चॅपमन यांनी स्वतः गोल करण्याऐवजी इतरांना चेंडू पुरवण्याची भूमिका दिली होती. ही भूमिका अंगवळणी पडण्यास अनेक महिने लागले. हायबरीच्या प्रेक्षकांनी जेम्स यांची हुर्यो उडवली. संघ लीगमध्ये तळाकडे सरकला आणि अखेरीस घसरणाऱ्या दोन संघांपेक्षा त्याचे जेमतेम तीन-चार गुण अधिक होते. चॅपमन यांनी जेम्स यांना काही काळ विश्रांती दिली आणि जानेवारी १९३० मध्ये बर्मिंगहॅमविरुद्धच्या चषकाच्या फेरसामन्यासाठी परत बोलावले. तो सामना संघाने जिंकला. उपांत्य सामन्यात हल सिटीविरुद्ध दोन गोलांनी मागे पडूनही बरोबरी साधली व फेरसामना जिंकला. २६ एप्रिल, १९३० रोजी वेम्बली येथे अंतिम सामन्यात समोर चॅपमन यांचाच जुना संघ हडर्सफील्ड होता. दोन्ही संघ प्रथमच शेजारी-शेजारी चालत मैदानात उतरले; सामना चालू असताना ग्राफ झेपेलिन हे जर्मन हवाई जहाज मैदानावरून गेले. जेम्स आणि जॅक लॅम्बर्ट यांच्या गोलांवर आर्सेनल २-० ने जिंकले. मागितलेली पाच वर्षे नुकतीच भरत आली होती.

विजेतेपदे आणि वॉलसॉल

१९३०-३१ मध्ये आर्सेनलने ६६ गुण आणि १२७ गोल करून लीग जिंकली. दक्षिण इंग्लंडमधील क्लबाने हा मान मिळवण्याची ही पहिलीच वेळ होती. १९३१-३२ मध्ये संघ लीग आणि चषक दोन्हींत दुसरा आला. चषकाच्या अंतिम सामन्यात न्यूकॅसलच्या पहिल्या गोलापूर्वी चेंडू सीमारेषेबाहेर गेला होता, हा वाद अनेक वर्षे चालला. १९३२-३३ मध्ये पुन्हा लीग विजेतेपद मिळाले, परंतु त्याच हंगामात जानेवारी १९३३ मध्ये थर्ड डिव्हिजनमधील वॉलसॉलने आर्सेनलला चषकातून २-० असे बाहेर काढले. काही प्रमुख खेळाडू आजारी असल्याने चॅपमन यांनी राखीव खेळाडूंना उतरवले होते. त्यांपैकी टॉमी ब्लॅक यांच्या चुकीमुळे पेनल्टी गेली. त्यांना काही दिवसांतच प्लिमथला विकण्यात आले. ज्यांनी स्वतःसाठी पाच वर्षे मागून घेतली, त्यांनी या तरुणाला दुसरी संधी दिली नाही, हेही त्यांच्या चरित्रात नोंदवणे प्राप्त आहे.

मैदानाबाहेरील सुधारणा

चॅपमन दर आठवड्याला खेळाडूंची बैठक घेत आणि टेबलावर आखलेल्या मैदानाच्या नमुन्यावर डावपेचांची चर्चा होई. खेळाडूंनी मते मांडावीत असा त्यांचा आग्रह असे. त्यांच्या अनेक सुधारणांचा हेतू प्रेक्षकाला खेळ नीट दिसावा व कळावा हा होता. ऑगस्ट १९२८ मध्ये त्यांच्या संघाने क्रमांक असलेले सदरे घातले. लीगने ते सक्तीचे केले १९३९ मध्ये. हायबरीवर त्यांनी पंचेचाळीस मिनिटांचे मोठे घड्याळ लावले. त्यामुळे पंचांच्या अधिकाराला बाधा येते असे फुटबॉल असोसिएशनने ठरवल्याने ते साध्या घड्याळात बदलावे लागले. प्रकाशझोतातील सामन्यांची त्यांची कल्पनाही असोसिएशनने नाकारली. १९३२ मध्ये मैदानाजवळील गिलेस्पी रोड या भुयारी रेल्वे स्थानकाचे नाव त्यांच्या प्रयत्नांमुळे 'आर्सेनल' झाले. लाल सदऱ्याच्या पांढऱ्या बाह्या १९३३ मध्ये आल्या. ऑस्ट्रियाचे ह्यूगो माइस्ल हे त्यांचे स्नेही होते व युरोपीय क्लबांशी सामने व्हावेत असे त्यांना वाटे. मे १९३३ मध्ये ते इंग्लंडच्या संघाबरोबर इटली व स्वित्झर्लंडला अनधिकृतपणे व्यवस्थापक म्हणून गेले.

मृत्यू आणि स्मृती

१९३४ च्या पहिल्या आठवड्यात चॅपमन यांनी बरी व शेफील्ड येथे सामने पाहिले. सर्दी झालेली असताना आणि डॉक्टरांनी मनाई केली असतानाही ते गिल्डफर्डला आर्सेनलच्या तिसऱ्या संघाचा सामना पाहण्यास गेले. सर्दीचे पर्यवसान न्यूमोनियात झाले आणि ६ जानेवारीच्या पहाटे हेंडन येथील घरी त्यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी ॲनी, दोन मुलगे व दोन मुली होत्या. त्याच दिवशी हायबरीवर आर्सेनलचा सामना होता. अनेक प्रेक्षकांना ही बातमी मैदानाकडे येताना वृत्तपत्रविक्रेत्यांकडून समजली. हेंडनच्या सेंट मेरी चर्चच्या आवारात त्यांचे दफन झाले.

आर्सेनल तेव्हा लीगमध्ये अग्रस्थानी होता. जो शॉ आणि त्यानंतर जॉर्ज ॲलिसन यांच्या काळात संघाने १९३४ व १९३५ ची विजेतेपदेही जिंकली. अशा रीतीने चॅपमन यांनी घडवलेल्या दोन संघांनी सलग तीन विजेतेपदे मिळवली, आणि दोन्ही वेळा तिसऱ्या विजेतेपदाच्या वेळी ते तेथे नव्हते. त्यांचे वृत्तपत्रीय लेख १९३४ मध्येच पुस्तकरूपाने निघाले. जेकब एप्स्टाइन यांनी घडवलेला त्यांचा अर्धपुतळा हायबरीच्या संगमरवरी दालनात होता. २००५ मध्ये हेंडन येथील त्यांच्या घरावर निळी स्मृतिपट्टिका बसवण्यात आली. २०११ पासून आर्सेनलच्या नव्या मैदानाबाहेर त्यांचा पूर्णाकृती पुतळा मैदानाकडे तोंड करून उभा आहे.