समजून घ्या : धकाधकीच्या आयुष्यात बाबासाहेबांनी लिहायला वेळ कसा काढला?

नोकरी, घर, प्रवास यातून लिहायला वेळच मिळत नाही, अशी तक्रार अनेकांची असते. मंत्रिपद, निवडणुका आणि आजारपण सांभाळून ग्रंथ लिहिणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे कसे जमवले? त्यांच्या आयुष्यातला एक प्रसंग थेट आपल्या भागातला आहे.

गोंदियाशी संबंध काय?

मे १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते. वेगळा जिल्हा झाला तो १९९९ मध्ये. राखीव जागेवर बाबासाहेब उमेदवार होते. वय ६३, मधुमेह जडलेला, पाय दुखत असत. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले आणि बाबासाहेब हरले.

त्याच काळात दिल्लीतल्या त्यांच्या घरी एक इंग्रजी ग्रंथ अर्धवट होता : ‘द बुद्धा अँड हिज धम्म’. १९५१ मध्ये सुरू झालेले हे काम पराभवानंतरही थांबले नाही.

सवय कधी लागली?

विद्यार्थिदशेत. १९२० नंतर लंडनमध्ये शिकताना ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दार उघडताच जात आणि बंद होताना उठत. हाताशी पैसा कमी, मुदत ठरलेली. त्यामुळे मिळालेला प्रत्येक तास कामी लावावा लागे. पुढे मुंबईत दादरला त्यांनी ‘राजगृह’ बांधले, तेही पुस्तकांना पुरेशी जागा मिळेल अशा बेताने.

पदावर असताना लेखन कसे झाले?

१९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. शूद्र मूळचे कोण, हा प्रश्न मांडणारा त्यांचा ग्रंथ १९४६ मध्येच आला. १९४८ मध्ये तर ते कायदामंत्री होते आणि राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षही. ४ नोव्हेंबरला त्यांनी मसुदा संविधान सभेत मांडला. अस्पृश्यतेच्या उगमावरचे त्यांचे पुस्तकही त्याच वर्षीचे.

दिवस सभा, फायली आणि भेटीगाठींत जाई. वाचन-लेखन मुख्यतः रात्री, अनेकदा पहाटेपर्यंत चाले. रिकामा दिवस मिळेल तेव्हा लिहू, असे त्यांनी ठरवले असते तर यातले किती झाले असते, हा प्रश्नच आहे.

मदतीला कोण होते?

नानकचंद रत्तू. ते सरकारी नोकर. दिवसभर कचेरी करून संध्याकाळी अलिपूर रोडवरच्या घरी येत आणि बाबासाहेबांनी लिहिलेली पाने टंकलिखित करत. म्हणजे एका ग्रंथामागे दोघांचा कामानंतरचा वेळ होता.

याची किंमत काय?

जागरणे परवडतील अशी प्रकृती राहिली नव्हती, आणि सगळे पूर्णही झाले नाही. एकाच वेळी अनेक ग्रंथ हाती होते. प्राचीन भारतातील क्रांती-प्रतिक्रांतीवरचे लेखन अपुरे राहिले. स्वतःच्या आयुष्याबद्दल त्यांनी लिहिलेली पानेही मोजकीच. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांचे लेखन खंडरूपाने छापायला घेतले, तेव्हा अनेक अप्रकाशित हस्तलिखिते वाचकांपुढे आली.

मग तो ग्रंथ पूर्ण झाला का?

झाला. पाच वर्षे लागली. मधल्या काळात भंडाऱ्याची निवडणूक, रंगूनचा दौरा, १४ ऑक्टोबर १९५६ चा नागपूरचा धम्मदीक्षा सोहळा आणि नंतर काठमांडूची परिषद, एवढे सारे होऊन गेले.

५ डिसेंबर १९५६ च्या रात्री त्यांनी या ग्रंथाच्या प्रस्तावनेची टंकलिखित पाने उशाशी मागवून घेतली. रत्तू ती ठेवून घरी गेले. ६ डिसेंबरच्या सकाळी बाबासाहेब झोपेतच गेल्याचे कळले. ग्रंथ १९५७ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला. छापील प्रत त्यांना पाहता आली नाही, पण लिहायचे काही उरले नव्हते.