अरुंद रुळांवरून मोटारीपर्यंत

माढा तालुक्यातील कुर्डुवाडी स्थानकातून १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे धावू लागली. पुढे याच रेल्वेच्या येडशी-तडवळे या सात मैलांच्या टप्प्याचे कंत्राट सोलापूरच्या एका तरुणाने घेतले आणि घरच्या पेढीकडे पाठ फिरवली. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी जन्मलेला हा तरुण म्हणजे वालचंद हिराचंद. भागीदार होते रेल्वेतील माजी कारकून लक्ष्मणराव फाटक.

१९१९ मध्ये सिंदिया जहाज कंपनी आणि १९४० मध्ये बंगळूरचा विमान कारखाना, अशी त्यांची घोडदौड झाली. मोटारीसाठी मात्र दीर्घ झुंज द्यावी लागली. भारतीयांनी परकी मोटारी केवळ दुरुस्त कराव्यात, ही स्थिती त्यांना बदलायची होती. ब्रिटिश सरकारने पाठबळ दिले नाही. तरीही १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली. १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली वाहने बाहेर पडली, तीही आयात सुट्या भागांची जुळणी करून. ८ एप्रिल १९५३ रोजी वालचंद निवर्तले.

याच कारखान्याच्या पद्मिनीचे स्टिअरिंग चालकाच्या मनगटाच्या जोरावर वळे. ते जड झाल्यास मेकॅनिक टायरमधील हवा, वंगण आणि सांधे पाहून दोष हुडकी. आजच्या इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगमध्ये प्रथम बॅटरीचा व्होल्टेज, फ्यूज व अर्थिंग तपासतात. मग स्कॅनर लावून टॉर्क सेन्सर, मोटर आणि कंट्रोल युनिट. दुरुस्तीची हत्यारे बदलली. मोटार येथेच घडावी, हा वालचंदांचा आग्रह मात्र कालबाह्य झालेला नाही.