चार भाषांचे पदकार श्रीमाणिकप्रभु

हुमनाबादच्या परिसरांत, दुबलगुंडीसारख्या गावीं, एकाच पारावर मराठी, कानडी आणि दख्खनी कानीं पडते. माणिकप्रभूंची पदे याच मातींतून उगवली, हे ध्यानीं ठेवले म्हणजे त्यांचे चरित्र आणि काव्य वेगळे काढतां येत नाही.

प्रभूंचा जन्म सन १८१७ मध्ये दत्तजयंतीस लाडवंती येथे झाला. वडील मनोहर नाईक, आई बयादेवी, घर कल्याणचे. हे कल्याण म्हणजे बसवेश्वरांचे. तेथे वीरशैवांची परंपरा जुनी, अंमल मुसलमान नवाबाचा आणि घरांत देशस्थ ब्राह्मणांचा आचार. बालपणींच तिन्ही धारा अंगावरून गेल्या. तरुणपणीं घर सोडून त्यांनी रानावनांत व गुहेंत एकांतवास केला, असे चरित्रकार सांगतात. पुढे सन १८४५ च्या सुमारास हुमनाबादजवळ वस्ती केली. तेंच माणिकनगर.

तेथे त्यांचा दरबार भरे. साधु, फकीर, जंगम, शास्त्री, गवई, कलावंत अशा सर्वांस तेथे मुभा असे. हिंदु त्यांस दत्तात्रेय मानीत, लिंगायत बसवण्णा मानीत आणि मुसलमान महबूब सुभानी मानीत. कोणत्याही मतास कमी न लेखणारा त्यांचा सकलमत संप्रदाय याच बैठकींतून आकारास आला. मला वाटते, त्यांच्या काव्याची प्रेरणाहि हीच. समोर बसलेल्या माणसाची भाषा ती पदाची भाषा. म्हणून मराठी, कानडी, हिंदुस्थानी आणि संस्कृत या चारींत त्यांची रचना आहे, आणि सर्वांवर मुद्रा एकच, माणिक.

मी दरबारी गवयाचा मुलगा. वडिलांनी मला प्रभूंचे पद आरतीसारखे न शिकवितां चिजेसारखे शिकविले. आधी राग, मग ठेका, मग शब्द. छापील संग्रहांतहि पदांवर राग-ताल दिलेले आढळतात. अर्थात् ही रचना गाण्यासाठी आहे, नुसती म्हणण्यासाठी नव्हे.

सन १८६५ मध्ये मार्गशीर्ष शुद्ध एकादशीस प्रभूंनी समाधि घेतली. वय अवघे सत्तेचाळीस. ते अविवाहित होते. पुतणे मनोहरप्रभु व मार्तंडप्रभु यांनी गादी चालविली आणि स्वतःहि पदे रचिली. दत्तजयंतीच्या दरबारांत गवयांनी हजेरी लावण्याची रीत तेथे आजहि आहे.

सन १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेंत हा मुलूख म्हैसूर राज्यांत गेला. सरहद्द कागदावर पडली, पण ती आमच्या वह्यांतहि उतरली. माझ्याकडे शिकावयास येणाऱ्या मुलांच्या घरच्या भजनाच्या वह्या मी पाहतो. त्यांत प्रभूंची मराठी पदे असतात. कानडी व हिंदुस्थानी पदे गळालेली असतात, आणि रागाचे नांवहि नसते. उरतात ते अर्धेच प्रभु. ज्या घरांत अजून कोणी वृद्ध ती जुनी चाल जाणतात, त्यांनी ती नातवंडांच्या गळ्यांत घालावी. चाल कागदावर टिकत नाही, ती गळ्यांतच टिकते.