छपरावरचा अँटेना आणि यागी सर

आपल्या पिढीला हिदेत्सुगु यागी हे नाव पुस्तकातून नव्हे, छपरावरून कळले. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि पुढच्या काही वर्षांत कौलांवर आणि गच्च्यांवर अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचे सांगाडे उभे राहिले. एकाने वर चढून दांडा फिरवायचा, दुसऱ्याने जिन्यात उभे राहून निरोप पोचवायचा, तिसऱ्याने टीव्हीसमोर बसून मुंग्या गेल्या की नाही ते ओरडून सांगायचे, हा उद्योग आपल्यापैकी बहुतेकांनी केला आहे. त्या सांगाड्याला यागी अँटेना म्हणतात हे दुकानदाराने सांगितले होते. यागी ही एखादी कंपनी असावी, असा माझा कित्येक वर्षे समज होता. हे एका प्राध्यापकाचे नाव आहे, आणि टीव्ही घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधी त्या प्राध्यापकाने या नळ्यांच्या रांगेतून तारेवाचून वीज पाठवून पाहिली होती, हे फार उशिरा समजले. शाळेच्या या स्मरणिकेत त्यांच्याविषयी लिहितो आहे, कारण ही गोष्ट अँटेनाची आहे तितकीच गुरू-शिष्यांचीही आहे.

यागी यांचा जन्म 28 जानेवारी 1886 रोजी ओसाका येथे झाला. 1909 मध्ये टोकियोच्या शाही विद्यापीठातून ते विद्युत अभियांत्रिकीचे पदवीधर झाले आणि सेंडाई या उत्तरेकडच्या शहरात शिकवू लागले. 1913 मध्ये त्यांना पुढील अभ्यासासाठी परदेशी पाठवण्यात आले. जर्मनीत ड्रेस्डेन येथे बार्कहाउझेन यांच्या हाताखाली काम सुरू झाले. 1914 च्या उन्हाळ्यात सुटीसाठी ते स्वित्झर्लंडला गेले असताना पहिले महायुद्ध पेटले आणि जर्मनीची वाट बंद झाली. मग ते लंडनला फ्लेमिंग यांच्याकडे गेले. रेडिओतील पहिला व्हॉल्व्ह बनवणारे ते हेच फ्लेमिंग. तेथून अमेरिकेत हार्वर्डला पियर्स यांच्याकडे. तीन देशांतल्या तीन गुरूंकडून बिनतारी विद्या शिकून 1916 मध्ये ते मायदेशी परतले. 1919 मध्ये सेंडाईच्या तोहोकू विद्यापीठात अभियांत्रिकी शाखा सुरू झाली आणि यागी तेथे प्राध्यापक झाले.

त्या काळी बिनतारी संदेशांसाठी शेकडो, हजारो मीटर लांबीच्या लहरी वापरत. यागी यांनी मात्र काही मीटर लांबीच्या आखूड लहरींचा ध्यास घेतला. त्यामागचे गणित सोपे आहे. विजेरीचा प्रकाश एका दिशेला जातो, कारण तिची आरशासारखी वाटी प्रकाशाच्या लहरीपेक्षा कितीतरी मोठी असते. रेडिओ लहरींचा असाच झोत करायचा असेल, तर अँटेनाही लहरीच्या मानाने मोठा हवा. लहर किलोमीटरची असेल तर गावाएवढा अँटेना लागेल. लहर आखूड केली, तर तेच काम अंगणात होईल.

1924 मध्ये पदवीधर झालेले शिंतारो उदा हे यागींच्या हाताखाली काम करू लागले. त्याआधी एका विद्यार्थ्याच्या प्रयोगात असे दिसले होते की, लहरी सोडणाऱ्या तारेजवळ दुसरी धातूची काडी नुसती ठेवली, तिला वीज जोडली नाही, तरी लहरींची दिशा बदलते. हा धागा उदा यांनी उचलला. काडी किती लांब ठेवायची, किती अंतरावर ठेवायची, अशा काड्या किती लावायच्या, याची मोजमापे त्यांनी चिकाटीने घेतली. त्यातून छपरावरचा तो सांगाडा सिद्ध झाला. त्यात वायर जोडलेली काडी एकच असते. तिच्या मागची काडी किंचित लांब असते, ती लहरी पुढे ढकलते. पुढच्या काड्या किंचित आखूड असतात, त्या लहरींना वाट दाखवतात. बाकीच्या काड्यांत वीज आपोआप उमटते आणि त्या लहरी पुन्हा सोडतात. मापे अचूक असली की या सगळ्या लहरी पुढच्या दिशेने एकमेकींत मिळतात आणि मागच्या बाजूला एकमेकींना मारतात. स्वस्त, हलका आणि कोणत्याही लोहाराला जमेल असा हा शोध होता.

आता विजेकडे येऊ. वाट दाखवणाऱ्या काड्या ओळीने मांडत गेले, तर शेतातल्या पाटाने पाणी न्यावे तशा लहरी नेता येतात, हे दोघांच्या लक्षात आले. मग संदेशाऐवजी वीजच का पाठवू नये? 1926 मध्ये टोकियोत भरलेल्या पॅन-पॅसिफिक विज्ञान परिषदेत यागी आणि उदा यांनी याच विषयावर निबंध मांडला. सुमारे साडेचार मीटर लांबीची लहर घेऊन, पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या अँटेनांच्या मध्ये काड्यांची रांग लावून त्यांनी प्रयोग केला होता. दोन-तीन वॅट पाठवले तेव्हा पलीकडे सुमारे 0.2 वॅट मिळाले. एवढ्यात विजेरीचा दिवाही धड लागत नाही. तरी तारेवाचून आलेली वीज मोजून दाखवली होती.

यापुढचा भाग जरा अवघड आहे. डिसेंबर 1925 मध्ये जपानमध्ये पेटंटसाठी अर्ज झाला तो एकट्या यागींच्या नावाने. उदा यांनी 1926 पासून तीन वर्षांत जपानी भाषेत अकरा निबंध लिहिले, पण ते बाहेरच्या जगाने वाचले नाहीत. 1928 मध्ये यागींनी अमेरिकेत व्याख्याने दिली आणि तेथील नियतकालिकात इंग्रजी निबंध प्रसिद्ध केला. त्यात उदा यांच्या कामाचा उल्लेख त्यांनी केला होता, तरी जगाने एकच नाव उचलले. यागींनी शिष्याचे श्रेय हिरावले, असे सरळ म्हणता येत नाही. दिशा त्यांची होती, प्रयोगशाळा त्यांनी उभी केली होती. पण रात्रंदिवस मोजमापे घेणारे हात उदांचे होते, आणि पेटंटवर दुसरे नाव घालायला शाईचा एक थेंब पुरला असता. आज जाणकार यागी-उदा अँटेना असे म्हणतात. बाजारात मात्र तो अजून यागीच आहे.

स्वदेशात या शोधाची कदर झाली नाही. फेब्रुवारी 1942 मध्ये जपानी सैन्याने सिंगापूर घेतले तेव्हा एका ब्रिटिश रडार तंत्रज्ञाची टिपणवही हाती लागली. तिच्यात यागी हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता आणि जपानी अधिकाऱ्यांना त्याचा अर्थ लागेना. शेवटी ते एका जपानी प्राध्यापकाचे नाव आहे, हे कैदेतल्या त्या ब्रिटिश माणसानेच त्यांना सांगितले. याहून मोठा दैवदुर्विलास पुढे घडला. हिरोशिमा आणि नागासाकीवर टाकलेल्या बाँबवर जमिनीपासूनची उंची मोजणारे रडार होते. त्याचे अँटेना यागी पद्धतीचेच होते.

शिष्यांच्या बाबतीत यागींची दुसरी बाजूही सांगायला हवी. 1933 मध्ये ते ओसाका विद्यापीठात भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख झाले आणि हिदेकी युकावा या तरुणाला त्यांनी आपल्या विभागात घेतले. युकावा बराच काळ काहीच प्रसिद्ध करीनात, तेव्हा यागी सरांनी त्यांना चांगले फैलावर घेतले. ती बोलणी युकावांना झोंबली. 1935 मध्ये त्यांचा मेसॉन कणाविषयीचा निबंध आला आणि 1949 मध्ये नोबेल पारितोषिक मिळवणारे ते पहिले जपानी ठरले. आपल्यापैकी किती जणांना अशाच एखाद्या बोलण्याने वळण लागले, हे ज्याचे त्याने आठवावे.

पुढे यागी टोकियोच्या तंत्रज्ञान संस्थेचे आणि नंतर ओसाका विद्यापीठाचे प्रमुख झाले. युद्धकाळात सरकारी पद भूषवल्यामुळे युद्धानंतर त्यांना काही वर्षे सार्वजनिक पदांपासून दूर राहावे लागले. 1953 मध्ये ते समाजवादी पक्षातर्फे वरिष्ठ सभागृहात निवडून गेले. 1956 मध्ये त्यांना जपानचा सर्वोच्च सांस्कृतिक सन्मान मिळाला. तोपर्यंत टीव्ही आला होता आणि त्यांच्या काड्या घरोघर पोचू लागल्या होत्या.

विजेचे स्वप्न मात्र इतरांनी पुढे नेले. 1964 मध्ये अमेरिकेत विल्यम ब्राउन यांनी जमिनीवरून सोडलेल्या सूक्ष्मलहरींच्या बळावर एक लहान हेलिकॉप्टर दहा तास हवेत ठेवले. 1975 मध्ये कॅलिफोर्नियात गोल्डस्टोन येथे सुमारे दीड किलोमीटर अंतरावर 30 किलोवॅटहून अधिक वीज मिळवण्यात आली. अडचण जुनीच आहे: अंतर वाढले की झोत पसरतो, आणि तो आवरायला अँटेनाचा पसारा वाढवावा लागतो. म्हणून आता एका मोठ्या अँटेनाऐवजी हजारो छोट्या अँटेनांची फळी उभारतात. आपल्या शाळेचे लेझीम पथक आठवा. सगळ्यांचा ठेका जुळला की आवाज एक होऊन दूर जातो. या अँटेनांचा ठेकाही असाच जुळवतात. प्रत्येकाला शेजाऱ्यापेक्षा ठरावीक क्षणभर उशिरा लहर सोडायला लावली, की फळी जागची न हलवता झोत हवा तिकडे वळतो. जपानमध्येच 2015 साली अशा फळीने 10 किलोवॅटचा झोत 500 मीटरवर पाठवला. 36,000 किलोमीटर उंचीच्या उपग्रहावरून 12 सेंटिमीटरच्या लहरीने वीज आणायची, तर वर एक किलोमीटर रुंदीचा अँटेना आणि खाली सुमारे दहा किलोमीटरचे शेत लागेल, असा हिशेब अमेरिकेत 1970 च्या दशकात मांडला गेला. तो अजून कागदावरच आहे.

उदा यांचा आपल्या देशाशी थेट संबंध आला. 1950 च्या दशकात युनेस्कोचे तज्ज्ञ म्हणून ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत काम करून गेले. 19 जानेवारी 1976 रोजी यागी गेले. त्याच वर्षी 18 ऑगस्टला उदाही गेले. आपल्या गावच्या छपरांवर त्यांच्या काड्या तेव्हा कुठे दिसू लागल्या होत्या.

डिश आणि केबल आल्यावर ते सांगाडे भंगारात गेले. एखाद्या जुन्या घरावर अजून एखादा वाकडा होऊन उभा दिसतो. मेळाव्याहून परतताना असा एखादा दिसला, तर त्यातली वायर जोडलेली काडी शोधा. ती एकच आहे, बाकीच्या तिला नुसती साथ देतात. पण त्यांच्यावाचून तिचा आवाज चार घरांपलीकडे नीट गेला नसता. यागी सरांचे नाव घेताना म्हणूनच उदांचेही घ्यावे.