दोन देशांकडून फायनल

मुलांनो, फुटबॉलच्या विश्वचषकाची फायनल दोन वेगवेगळ्या देशांकडून खेळलेला खेळाडू आजवर एकच झाला. त्याचं नाव लुईस मोंती.

लुईसचा जन्म 1901 साली अर्जेंटिनाच्या ब्युनॉस आयर्स शहरात झाला. त्याचं घराणं मूळचं इटलीचं. त्या काळात इटलीतून हजारो कुटुंबं कामाच्या शोधात जहाजाने अर्जेंटिनाला जात आणि तिथेच राहत.

लुईस मैदानाच्या मधोमध खेळायचा. समोरच्या संघाची चाल तोडायची आणि मिळालेला बॉल आपल्या पुढच्या खेळाडूंकडे पोचवायचा, हे त्याचं काम. तो अंगाने दणकट होता आणि खेळायचाही आडदांडपणे. अनेकांना त्याची भीती वाटे.

1930 साली पहिला विश्वचषक उरुग्वे देशात झाला. या स्पर्धेतला अर्जेंटिनाचा पहिला गोल लुईसनेच फ्रान्सविरुद्ध केला. फायनलमध्ये अर्जेंटिनासमोर होता यजमान उरुग्वे. सामन्याआधी लुईसला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, असं सांगतात. अर्ध्या वेळेला अर्जेंटिना 2-1 ने पुढे होता, पण शेवटी 4-2 ने हरला. एरवी कोणाला न घाबरणारा लुईस त्या दिवशी दबून खेळला. मायदेशी लोकांनी त्याच्यावर फार टीका केली.

पुढच्या वर्षी इटलीच्या युव्हेंटस क्लबने त्याला बोलावलं. त्याने तिशी गाठली होती आणि वजनही वाढलं होतं. आता याचा खेळ संपला, असं कोणालाही वाटलं असतं. पण त्याने कसून व्यायाम केला, वजन उतरवलं आणि संघात जागा मिळवली. युव्हेंटसने सलग चार वेळा इटलीची लीग जिंकली आणि त्या चारही वेळा लुईस संघात होता.

घराणं इटालियन असल्यामुळे त्याला इटलीकडून खेळता आलं. 1934 चा विश्वचषक इटलीतच झाला. तेव्हा तिथे मुसोलिनी या हुकूमशहाची सत्ता होती आणि त्याला विजय हवाच होता. म्हणजे या वेळीही दडपण होतंच! फायनलमध्ये आधी चेकोस्लोव्हाकियाने गोल केला. मग इटलीने बरोबरी साधली आणि जादा वेळेत 2-1 ने सामना जिंकला. इटलीचा पहिला गोल करणारा ओर्सीसुद्धा अर्जेंटिनात जन्मलेला होता.

त्याच वर्षी लंडनमध्ये इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात सुरुवातीलाच लुईसचा पाय दुखावला. तेव्हा बदली खेळाडू घेता येत नसे. दहा खेळाडूंनिशी लढलेला इटली 3-2 ने हरला.

1983 साली अर्जेंटिनातच लुईसचं निधन झालं. आज नियम बदलले आहेत. एका देशाकडून विश्वचषक खेळलेल्या खेळाडूला साधारणपणे दुसऱ्या देशाकडून खेळता येत नाही. पण घरची मुळं एका देशात आणि जन्म दुसऱ्या देशात, अशी मुलं आजही जगभर आहेत. तुमच्या वर्गातही असतील, नाही का?

विचार करा आणि सांगा :
1. लुईसला इटलीकडून खेळता का आलं?
2. 1930 च्या फायनलनंतर लुईसवर टीका झाली. ती तुम्हाला योग्य वाटते का?
3. तुमचे दोन देश समोरासमोर खेळले, तर तुम्ही कोणाला पाठिंबा द्याल? का?